कंपनी विकली, केस उरली

परवा कारेलीबागेत दामलेकाकांकडे चहाला गेले होते. त्यांचा कारखाना विकला गेला, त्या व्यवहारात मी घेणाऱ्यांच्या बाजूने होते. त्यामुळे जावं की नाही, हेच आधी ठरेना...

माझं कामच तसं आहे. कोणी कंपनी विकत घेणार असेल, तर तिच्या जुन्या करांत काही धोका दडलाय का ते घेणाऱ्यासाठी आधी शोधायचं.

काकांचा पंप बनवायचा छोटा कारखाना. काकू गेल्यावर त्यांनी तो विकायला काढला. सगळं आवरून मुलीकडे कॅनडाला जायचं होतं त्यांना. पण इन्कमटॅक्सची एक जुनी केस अजून अपिलात होती. कंपनीच घेतली असती, तर उद्या निकाल उलटा लागल्यावर भुर्दंड नव्या मालकांना. मी रिपोर्टमध्ये तसं लिहिलं.

मग घेणाऱ्यांनी पवित्रा बदलला. मशिनं घेऊ, ऑर्डरी घेऊ, कामगारही घेऊ... कंपनी मात्र तुमच्याकडेच ठेवा, केससकट.

काका मीटिंगमध्ये एवढंच म्हणाले, "म्हणजे माणसं तिकडे आणि मी इकडे." मी रिपोर्टचं पुढचं पान उलटलं.

केस संपेपर्यंत कंपनी बंद करता येत नाही. एक तरी डायरेक्टर भारतात राहणारा लागतो. दुसरी डायरेक्टर त्यांची मुलगी, ती कॅनडात. म्हणून काका इथेच अडकले.

आणि गेल्या आठवड्यात त्यांचाच फोन. "रागावलो नाहीये हो. या एकदा. मराठी बोलायला हल्ली कोणी नाही."

मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, वासण्याला एकटी राहते. ऑफिसात गुजराती, क्लायंटशी इंग्लिश... आई गेल्यापासून घरात तर काहीच बोलावं लागत नाही. गेले.

काकांच्या फ्लॅटच्या दाराशेजारी कंपनीची पाटी होती, नुकतीच पुसून लख्ख केलेली. मी बघत राहिले, तर म्हणाले, "कारखाना गेला, आता कंपनीचा पत्ता हाच. कायद्याने पाटी लावावीच लागते ना."

मग जरा थांबून म्हणाले, "हिचं नाव आहे ते. त्यांनी कंपनी नेली असती तर बदललंच असतं. तुमच्या रिपोर्टमुळे घरी आली."

रिपोर्टमध्ये ते नाव मी पानोपानी टाईप केलं होतं. ते काकूंचं आहे हे मला माहीतच नव्हतं... तुम्ही इथे अडकलात तेही माझ्याच रिपोर्टमुळे, हे मात्र बोलवेना.

चहा काकांनीच केला. फार गोड झाला होता, मी दोनदा घेतला. काकूंबद्दल बोलले, मुलीबद्दल बोलले.

निघताना मी ऑफिसातल्या सवयीने गुजरातीत "आवजो" म्हणाले. मी लिफ्टपाशी पोचले, तर मागून हाक आली, "पोचलीस की फोन कर गं."

इतके दिवस मला अहो-जाहो करत होते...

वासण्याला आले, कुलूप काढलं आणि दिवा लावायच्या आधी फोन लावला. पोचले, एवढंच सांगायचं होतं. किती दिवसांनी ते कुणाला तरी सांगितलं.