खालून वर काढलेली बाई

अख्ख्या भंडारा जिल्ह्यात माझ्या नणंदेइतकी उतावीळ बाई सापडायची नाही. सत्तरी ओलांडली तरी ती चालत येत नाही, धावत येते. एक चप्पल माझ्या दारात, दुसरी शेजारणीच्या. दिवाळीनंतर अशीच आली, पदरात रंगांच्या बाटल्या घेऊन.

"वयनी, मी चेहरे काढाले शिकून राहिली."

"काहून? घरचे चेहरे कमी पडले का?"

तिला तिच्या मायचं, म्हणजे माझ्या सासूचं चित्र काढायचं होतं. सासूने जन्मात फोटो काढू दिला नाही, आणि तिला पाहिलेल्या आता आम्ही दोघीच उरलो. "मले नाक आठवते, पण डोळे निसटून राहिले. आपण गेलो का माय बी गेली," ती म्हणाली.

आधी हात बसावा म्हणून तिने कॅलेंडरवरची दिवा धरलेली बाई उतरवायला घेतली. कॅलेंडरवर आणि कागदावर पट्टीने चौकोन आखले, इथवर ठीक. पण तिची हयात हातमागावर गेलेली. लुगडं विणावं तशी खालच्या काठापासून एकेक ओळ रंगवत वर निघाली, आणि झालेला भाग विणलेल्या कापडासारखा काठीला गुंडाळत गेली. मधे उघडून बघ म्हटलं तर म्हणे, "अर्धं लुगडं कोनी उघडून पायते का?" रोज धावत येऊन खबर द्यायची: आज गुडघे झाले, आज कंबर आली, आज दिवा लागला. मान झाल्यावर तर तिला जेवण सुचेना. चौकोन सोडून चेहरा अंदाजानेच काढला. उघडलं, तर निऱ्या अशा सुरेख की हात लावावा, आणि वर डोकं भोपळ्याएवढं.

"हिले डोक्यावरून पदर घ्याले दोन लुगडे लागतील," मी म्हटलं. ती हसून हसून खालीच बसली.

मग लगेच नवा कागद पसरला. "आता माय. वयनी, तिचे डोळे सांग."

मी काय सांगणार? सून म्हणून त्या घरात मान खाली घालून वावरले. सासूचा चेहरा नीट पाहिला तो ती गेली त्या दिवशी, आणि तेव्हा डोळे मिटलेले होते. मी तसं सांगून टाकलं.

"मंग तुले मायचं काय ठाऊक आहे?"

"पाय."

"पाय सांग."

सांगितले. मागाची पावडी दाबून दाबून बाहेर वळलेला उजवा अंगठा, टाचेच्या भेगा, एका बोटात नसलेलं जोडवं. ती रंगवत गेली. कागदावर ते पाय उभे राहिले, आणि एवढ्या वर्षांनी माझा हात पदर पुढे ओढायला डोक्याकडे गेला.