हडळीच्या कपाळावरचा डाग

पिंपळवंडीत कांद्याच्या चाळीमागं एका माणसाची पत्र्याची खोली आहे. जुन्या भुताच्या सिनेमांची फाटकी पोस्टरं तो जमवतो आणि नीट करतो. माझ्याकडचं एक घेऊन मी गेलो, तेव्हा तो एका हडळीला ओल्या मलमलीवर निजवत होता. निजवतच होता, दुसरा शब्द नाही. कागदाला हात लावण्याआधी तो हळूच फुंकर घालायचा, आणि सुटे तुकडे मैद्याच्या खळीनं चिकटवताना ब्रश सोडून करंगळी वापरायचा.

मला स्वस्थ बसवत नाही. हडळीच्या कपाळावर लाल डाग दिसला, म्हणून मी ओला कापूस उचलला. त्यानं माझं मनगटच धरलं.

"ऱ्हाऊ द्या पावणं. कुंकू हाय ते."

हे पोस्टर त्याच्या शाळेच्या वाटेवर, एका भिंतीवर होतं. भीतीनं तो शाळेला जाईना. तेव्हा आईनं त्याच्यादेखत, घरी आलेल्या बाईला लावतात तसं हडळीला कुंकू लावलं. म्हणाली, "आता ही आपल्यातली झाली. तुला काय करायची न्हाई." पुढं हडळीवर दुसरी पोस्टरं चढली. भिंत पाडली तेव्हा खालच्या थरातून ती निघाली, कुंकवासकट.

"पण बाकी सगळं नव्यासारखं केलंत," मी हेका सोडला नाही. "एवढाच डाग खटकतो."

तो डागाकडं बघत म्हणाला, "आईचा एकबी फोटो नाय, पावणं. तिचं एवढं बोट राहिलंय."

कापूस अजून माझ्या हातात ठिबकत होता. मी तो झटकन पोस्टरपासून लांब नेला.