सोड्याच्या पाण्यातलं पुसद

ती तक्रार देताना फिर्यादीला रडू आवरत नव्हतं, ते आजही आठवतं. मी तेव्हा पुसदला ठाणेदार होतो. फिर्यादी निवृत्त कारकून, सरळ माणूस. शंभरेक वर्षांपूर्वी त्यांच्या आजोबांनी गावात कॅमेरा फिरवला होता. आठवडी बाजार, पाणवठा, झाडाखाली दाढी करवून घेणारी गिऱ्हाइकं, सगळं काचेच्या निगेटिव्हवर. त्या काचांची पेटीच घरातून गेली होती आणि कागदावर छापलेली एकही प्रत उरली नव्हती. "साहेब, त्या काचा गेल्या तर जुनं पुसद कोणालेच दिसणार नाही," ते म्हणाले.

पंचनाम्यात दाराचं कुलूप शाबूत निघालं. अशा वेळी कुंपणानेच शेत खाल्लेलं असतं, हा माझा अनुभव. चोरी झालेल्या घरात माणसं चोराला शिव्यांची लाखोली वाहतात. चहा घेऊन आलेली सून मात्र गप्प होती.

तेवढ्यात खबऱ्याचा फोन आला. बाजारातला एक फ्रेमवाला तसबिरींना लावण्यासाठी जुन्या काचा सोड्याच्या गरम पाण्यात धूत होता. आम्ही जीप पळवली. पातेल्यातून वाफा निघत होत्या आणि शेजारी चित्रं धुऊन गेलेल्या लख्ख काचांची चळत. हवालदाराने आधी शेगडी विझवली, मग फ्रेमवाल्याची गचांडी धरली. न धुतलेल्या काचा थोड्याच उरल्या होत्या.

फ्रेमवाला उडवाउडवी करू लागला. मी एक काच उजेडासमोर धरली. आतली माणसं दिसली तसा त्याने कानाला हात लावला. "मले वाटलं नुसते डाग हायेत. त्याईच्या सुनेनंच देल्ल्या, साहेब, दिवाळीच्या सफाईत."

घरी जाऊन महिला शिपायासमोर सुनेला विचारलं. "मामंजी इतके रडले, का माह्या तोंडातून खरं निंगालंच नाही," ती म्हणाली.

सासरे आता भडकतील म्हणून मी मध्ये उभा राहिलो. ते म्हणाले, "तिचं काही चुकलं नाही. पेटीले हात लावू नका, येवढंच मी सांगत आलो. आत काय हाये, ते घरात कोणाले दाखवलंच नाही." त्यांनी तक्रार मागे घेतली.

कुलपांवर मी नोकरीभर भरवसा ठेवला. पण जपलेलं दाखवलं नाही, तर घरच्यांनाही ते भंगारच वाटतं.

वाचलेली एक काच त्यांनी खिडकीशी धरली आणि सुनेला जवळ बोलावलं. डोळे पुसत तिने विचारलं, "ही पाणी भरणारी बाई कोण?"

त्यांनी चष्मा पुसून काच पुन्हा उजेडात धरली. त्यांनाही ठाऊक नव्हतं.