अमरकंदाभोवतीचं कुंपण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही — एवढंच.

आर्वीच्या बाजारात वांगी-टमाटे विकणारा माणूस मी. मातीतलं मला सगळं कळतं, असा फार तोरा होता. आमच्या शेतामागच्या टेकडीवर, सागाच्या सावलीत, अमरकंद उगवायचा. पावसाळ्यात पिवळसर फुलांचा दांडा वर येई. एरवी तिथं काही आहे हेही कळत नसे. माझ्या बेबीकाकूला मात्र जागा पाठ. गावात कुणी बाळंत झाली, की ती थोडे कंद आणून खीर करून द्यायची. खणताना जुना कंद घ्यायचा, नवा मातीतच ठेवायचा. "मायले नेजो, लेकराले ठेवजो," म्हणायची.

ती जागा तिनं एकट्या मला दाखवली. पोटचं मूल नव्हतं तिला.

मी काय केलं? ती बहिणीकडे गेली असताना सगळा अमरकंद खणून आणला. माय ठेवली नाही, लेकरू ठेवलं नाही. वाटलं, हळदीसारखा वाफ्यात लावू; शेणखत, ठिबकचं पाणी — दुपटीनं वाढेल. कसला वाढतो! रानातला जीव तो. सगळा कुजला.

काकू परतली. उकरलेली जागा बघून मातीत हात घालून चाचपायला लागली. आणि मी —

"डुकरं शिरले वं काकू."

ती रडली नाही. "एखादं लेकरू राह्यलं असन आत," म्हणाली, आणि बोरीच्या काटेरी फांद्यांचं कुंपण घालायला लागली. फांद्या मीच तोडून दिल्या. दर उन्हाळ्यात देतो. रिकाम्या मातीभोवती ती कुंपण घालते, हातात काटे मोडतात, आणि ते सुईनं काढतोही मीच. तेव्हा तरी बोलावं ना? नाही बोललो. भ्याड आहे मी, दुसरं काय.

यंदा तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. पाऊस सुरू झाल्यावर तिनं मला वर पाठवलं. मी गेलो, नुसती माती पाहिली, खाली आलो. काकू दारातच बसली होती.

"दिसला काय रे कोंब?"

"दिसला," — कसं निघालं तोंडातून?

तिनं टेकडीकडे बघून हात जोडले. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "यंदा कोणाचंई बाळंतपण असो, खणू नोको. लहान हाये थे. वाढू दे."

मी हो म्हणालो.