मी सतरा नंबर भरला नाही

आमच्या शाळेच्या फाटकावर दरवर्षी एक फ्लेक्स लागायचा. मुख्याध्यापकांचा हसरा फोटो आणि खाली लाल अक्षरांत ‘दहावीचा निकाल शंभर टक्के’. कोरेगावच्या बाजाराहून परतणारी माणसं तो वाचून खूश व्हायची. हे शंभर टक्के येतात कसे, ते मला नववीच्या निकालाला कळलं. जो नापास होईल असं वाटतं, त्याला दहावीच्या वर्गात बसूच द्यायचं नाही. हातात दाखला द्यायचा आणि सांगायचं, सतरा नंबरचा फॉर्म भर. म्हणजे शाळेत न येता घरी अभ्यास करायचा आणि बाहेरून परीक्षेला बसायचं. मग तो नापास झाला तरी शाळेच्या डोक्याला ताप नाही. इतकं सोपं गणित, आणि म्हणे गणितात कच्ची मी!

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शाळेत बोलावणं आलं. ते फौजेतून निवृत्त झालेले. आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला ‘मेजर’च म्हणतात, मग तो कुठल्या का हुद्द्यावर असेना. मुख्याध्यापकांनी ‘या मेजर’ म्हणत खुर्ची दिली, चहा मागवला. माझं डोकं तिथंच फिरलं. पोरीला हाकलायचंय तर बापाला चहा कशाला पाजता?

“मुलगी गुणी आहे, पण गणितात अगदीच कच्ची,” ते म्हणाले. “सतरा नंबर भरा. तिलाही ताण नको, आम्हालाही नको.”

अण्णांची सवय अशी, की साहेबानं सांगितलं म्हणजे विषय संपला. दाखल्याच्या अर्जावर सही करायला त्यांनी खिशातलं पेन काढलं.

“आण्णा, सही करू नगा,” मी म्हणाले. “मी शाळा सोडणार न्हाई.”

मुख्याध्यापक हसले. “काय मेजर, घरात शिस्त नाही वाटतं?”

हे एक वाक्य त्यांना महागात पडलं. अण्णांनी पेनाला टोपण लावलं. “घरी जाऊन ठरिवतो सर,” म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उठले.

मला मागं बसवून ते घराकडं निघाले. ओढ्याच्या पुलावर गाडी थांबवली आणि मान न वळवता विचारलं, “आन् नापास झालीस तर?”

“तर वर्गात बसून हुईन. घरात बसून न्हाई.”

“मंग शाळा उघडली की पयल्या घंटेला हजर पायजेस,” ते म्हणाले आणि गाडीला किक मारली.

माझ्या बाकावरच्या मैत्रिणीलाही सतरा नंबर भरायला सांगितलं होतं, पण तिला असं काही बोलता आलं नाही. तिच्या घरच्यांनी सही केली आणि अभ्यासासाठी म्हणून तिला मिरजेला मावशीकडं पाठवलं. मावशीला नुकतंच बाळ झालेलं. दिवाळीत फोनवर म्हणाली, “पुस्तकं कुठं ठिवलीत तेबी आठवंना गं.” ती परीक्षेला बसलीच नाही. त्याचा राग मला अजून येतो, आणि तो शाळेचाच येतो.

मी मात्र रोज गेले. मला शेवटचा बाक मिळाला. जादा तास फक्त हुशार मुलांना होते, तिथंही जाऊन बसले. “तुला कुणी बोलावलं?” गणिताच्या सरांनी विचारलं. म्हटलं, “कुणी न्हाई सर, आपली आले.” नववीत काही कळलं नाही तरी मी मान डोलवायची. आता हात वर करून म्हणायला लागले, “सर, परत सांगा.” वर्ग फिदीफिदी हसायचा. सुरुवातीला कानाच्या पाळ्या तापायच्या. नंतर मी कोण हसतंय ते बघणंच सोडलं. एक दिवस पहिल्या बाकावरून आवाज आला, “व्हय सर, मलाबी न्हाई कळलं.” मग आणखी दोघे बोलले. इतके दिवस हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना काही कळतच नव्हतं, नुसतं हसता येत होतं.

दहावीचा निकाल लागला. मी बाकी सगळ्या विषयांत पास आणि गणितात नापास. शाळेत नापास झालेली एकटी मी. शंभर टक्के बोंबलले. आई रडली. अण्णांनी एवढंच विचारलं, “गुणपत्रिका आणायला मी जाऊ?”

“न्हाई. माझी मीच आणते.”

मुख्याध्यापकांच्या खोलीत पास झालेली पोरं पेढ्यांचे बॉक्स घेऊन उभी होती. मला बघताच सगळी बाजूला सरकली. सरांनी माझी गुणपत्रिका टेबलावर सरकवली. “झालं समाधान? एवढ्या वर्षांचा निकाल घालवलास.”

 भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण आवाज आला आणि चांगला मोठा आला. “माझा एक विषय गेलाय सर. तो मी ह्याच शाळेतनं काढणार. पुरवणी परीक्षेचा अर्ज द्या.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, पोरांकडं बघितलं आणि क्लार्कला हाक मारली. मी त्यांच्याच टेबलावर वाकून अर्ज भरला. मग शेजारच्या बॉक्समधला एक पेढा उचलून सगळ्यांदेखत तोंडात टाकला.