शेंद्र्याच्या हुरड्यात उघडलेली डबी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, दारूच्या बैठकीतसुद्धा नाही. आणि मी कोण, तर ज्याच्या पोटात गोष्ट टिकत नाही असा माणूस! कन्नडच्या घाटात बिबट्यानं माझ्या स्कूटरला वाट दिली, हे मी इतक्यांदा सांगितलंय, की शेवटी शेवटी तो बिबट्या मला रामराम घालायला लागला होता. लोक हसायचे, चहा मागवायचे, म्हणायचे, "नाना, अजून एक होऊ द्या." असा मी — आणि ही एकच गोष्ट गिळून बसलो.

तुम्ही कदाचित मला भाषण करतानाही ऐकलं असेल. औरंगाबादेत — तेव्हा गावाचं नाव हेच होतं — कुठंही उद्योजकांचा मेळावा असो की दवाखान्याचं उद्घाटन, मला दोन शब्द बोलायला उभं करायचे. मी दोनावर कधी थांबलो नाही. "मराठवाड्याच्या पोरांचा शोध सरकारी टेबलावर मारला!" असं म्हणून मी अशी मूठ आपटायचो, की माईक दचकायचा. टाळ्या! पुढच्या रांगेतले डॉक्टर डोळे पुसायचे. आज त्या टाळ्या आठवल्या की माझं डोकं भणभणतं. संताप येतो — पण कुणाचा? त्या टेबलामागच्या माणसाचा? त्यानं तर आपलं काम चोख केलं होतं.

थांबा. नीट सांगतो.

मी दवाखान्यांना सामान विकायचो. खाटा, सलाईनचे स्टँड, बीपीची यंत्रं. जालन्यापासून अजिंठ्यापर्यंत एक डॉक्टर असा नव्हता, की ज्याच्या घरचा चहा मी प्यालो नाही. आणि शहागंजात रझ्झाकभाईचं दुकान होतं. रेडिओ, टेपरेकॉर्डर, जे बंद पडेल ते. माणूस हुशार, पण मिरची! गिऱ्हाइकानं "कधी मिळेल?" असं विचारलं, की त्याचा रेडिओ त्याच्याच हातात परत ठेवायचा. त्याची अम्मी सरकारी दवाखान्यात असताना सलाईनच्या बाटलीकडं बघत बसायचं काम त्याच्याकडं होतं. तुम्हाला ते ठाऊक असेलच. नर्स एक, खाटा चाळीस, म्हणून बाटलीवर पहारा नातेवाइकांचा. त्याचा डोळा लागला, बाटली संपली, आणि नळीत रक्त उलटं चढलं. अम्मी वाचली. पण ती लाल नळी त्याच्या डोळ्यांपुढून गेली नाही.

तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या शैलाताई त्याच्याकडं सुटे भाग न्यायला यायच्या. त्या भांडायच्या, तो भांडायचा, आणि त्या भांडणातून ती डबी झाली. तळहाताएवढी. वरच्या कडीनं ती स्टँडला लटकवायची, खालच्या हुकात बाटली. वजन उतरलं, की डबी वाजणार. तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? मोठं असं, की असले वजनावरचे भोंगे बाटलीला धक्का लागला तरी बोंबलतात. रोग्यानं कूस बदलली, बोंब. झाडूवालीचा हात लागला, बोंब. मग नर्स वैतागून बटणच बंद करते. ह्या डबीला मात्र बाटली हलली आणि बाटली संपली यातला फरक कळायचा. स्प्रिंग रझ्झाकची, मागची अक्कल शैलाताईंची. पेटंटच्या अर्जावर नावं दोघांची लागणार होती. विकणार मी.

स्टँडांना ती नीट बसते का हे बघायला एक डबी त्यांनी माझ्याकडं दिली. देताना रझ्झाक म्हणाला, "नाना, अर्ज जाए तक किसीकू बोलू नक्को. एक बार छप गया तो खेल खतम. तुमारे मू कू टाका मारू क्या?" शैलाताई हसल्या. मीही हसलो. छातीवर हात ठेवून म्हणालो, "लई भरवसा दिसतोय माझ्यावर!"

आता हुरडा. शेंद्र्याला आमची जमीन होती, आता तिथं गोदामं उभी आहेत. थंडीत ज्वारी दाण्यात आली की मी डॉक्टरांना हुरड्याला बोलवायचो. आगटीत कणसं भाजायची, गरम गरम चोळायची, वर लसणाची चटणी, दही, गूळ. माझी वर्षाची निम्मी विक्री त्या आगटीपाशी व्हायची, कारण हातात गरम हुरडा असलेला माणूस नाही म्हणत नाही. त्या वर्षी एक भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "काय नाना, यंदा काही नवं, का तोच बिबट्या?"

सगळे हसले.

बिबट्या काढता आला नसता का? आला असता! रामराम घालणारा, हुरडा खाणारा, चष्मा लावणारा — कसलाही काढला असता. पण मला ते हसणं लागलं. मी पिशवी उघडली.

सलाईनच्या रिकाम्या बाटलीत ताक भरलं आणि लिंबाच्या फांदीला डबी लटकवली. फांदी गदागदा हलवली, डबी गप्प. एका डॉक्टरला हलवायला लावली, तरी गप्प. मग नळी सोडली, ताक सांडलं, आणि डबी अशी वाजली, की चिकलठाण्याच्या विमानतळावर विमान उतरायचं थांबलं असेल. टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, "आत काय आहे हो?" आणि मी — मला आजही माझ्या हाताची चीड येते — खिशातून पेचकस काढला आणि डबी उघडली. सगळं सांगितलं. स्प्रिंग कशी, डबी गप्प का राहते, कधी वाजते, सगळं! आणि काय म्हणालो? "आम्ही केलंय." आम्ही! मी पिशवी धरली होती, पिशवी!

त्या घोळक्यात एक वयस्कर डॉक्टर होते. गावातल्या डॉक्टरांचं एक छोटं मासिक तेच काढायचे. त्यांनी घरी जाऊन आठवणीनं सगळं लिहिलं, चित्रासकट छापलं. कौतुकानंच. ‘आपल्या शहरातला एक सुंदर शोध’ असं लिहून. कुणाचं नाव नाही, जागेचं नाव नाही. अंक माझ्या टपालात आला तेव्हा अर्ज अजून जायचा होता. मी अंक गादीखाली सारला. म्हटलं, डॉक्टरांचं मासिक पेटंटवाले कुठं वाचतायत?

वाचलं त्यांनी. अर्ज गेल्यावर पुष्कळ दिवसांनी हरकत आली, की ही वस्तू अर्जाच्या आधीच छापून आली आहे. सोबत त्याच पानाची प्रत.

आम्ही तिघं वकिलाकडं गेलो. वकील शांत माणूस. म्हणाला, "मार्ग आहे. तुमच्या परवानगीशिवाय कुणी हे फोडलं असेल, तर कायदा तुम्हाला वाचवू शकतो. पण ज्यानं फोडलं त्यानं शपथेवर तसं सांगायला हवं. मात्र अर्जावर नावं असलेल्या तुम्हा दोघांपैकीच कुणी ते लोकांना दाखवलं असेल, तर विषय मिटला."

इतकं सोपं होतं. एका माणसानं तोंड उघडायचं होतं — जे माझं कधी बंदच नसतं. आणि मी काय केलं? टेबलावर मूठ आपटली! "कोण हरामखोर आहे तो, मी शोधून काढतो! त्या डॉक्टरला मी ओळखतो, आत्ता जातो." रझ्झाकनं माझा हात धरला. त्याचे डोळे भरले होते. मला तेव्हा, तिथं, मेल्यासारखं व्हायला नको होतं का? नाही झालं. मला बरं वाटलं.

ते मासिकवाले डॉक्टर आपल्या मुलीकडं परदेशी निघाले होते, कायमचे. घरभर ट्रंका. मला बघून हसले. "अहो, कुठं पाहिलं काय विचारता? तुमच्याच हुरड्याला! ताक माझ्या बुटांवर सांडलं की." मी म्हणालो, व्हय की, विसरलोच. त्यांचा निरोप घेतला आणि सरळ शहागंज गाठलं. दुकानात दोघं वाट बघत होते.

मी म्हणालो, "डॉक्टर म्हणतात, ताईंच्या कॉलेजच्या प्रदर्शनात बघितलं."

रस्त्यात ठरवलं नव्हतं. तोंडातून तयार बाहेर आलं, बिबट्या यायचा तसं.

शैलाताईंना आधी कळलंच नाही. "कुठलं प्रदर्शन? नाना, नीट आठवा. असं म्हणाले ते?"

"तोंडावर म्हणाले, ताई. मी कशाला खोटं बोलू?"

"पण मी कुणाला दाखवलीच नाही डबी. रझ्झाकभाई, माझ्याकडं बघा."

रझ्झाकनं बघितलं नाही. हातातली तार सोलत राहिला. म्हणाला, "मॅडम, पोरांके सामने बडा बनना था ना? बन गए. अब जाओ."

त्या गेल्या. डॉक्टरही त्याच आठवड्यात गेले. वकिलानं मान हलवली, कारण जिचं नाव अर्जावर, तिनंच दाखवलं म्हटल्यावर पुढं काही उरलं नाही. हरकतीला उत्तर गेलंच नाही. अर्ज तिथंच मेला. म्हणजे बघा, माझ्या बढाईनं त्यांचा शोध आजारी पडला होता, मारला तो माझ्या खोट्यानं. आणि मी वीस वर्षं माईक आपटत खुनी शोधत फिरलो!

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते, सांगू? मी थापाड्या आहे हे अख्ख्या गावाला माहीत होतं. रझ्झाकला सगळ्यांहून जास्त. माझा बिबट्या कुणी कधी खरा मानला नाही. पण समोर एक बाई सरळ उभी राहून "मी दाखवलं नाही" म्हणते, आणि शेजारी मी — तर खरा कोण ठरला? मी! कुणी एकानं तरी त्या कॉलेजात जाऊन विचारलं का, की बाबांनो, प्रदर्शन कधी होतं? शिपायानंही सांगितलं असतं. नाही विचारलं. आणि विचारणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. थापाड्याला माणसं बरोबर कळतात.

पुढं बाहेरच्या कंपनीचे भोंगे आले. धक्का लागला की बोंबलणारे. तेही मीच विकले. "आपल्याकडं याहून भारी झाला होता, पण सरकारनं..." अशी सुरुवात करून विकले. खूप खपले.

मागच्या उन्हाळ्यात शैलाताई निवृत्त झाल्या. जुने स्नेही म्हणून मला बोलवलं. बोलवणाऱ्यांना काय ठाऊक? मी गेलो. उभा राहिलो आणि — काय सांगू तुम्हाला — पुन्हा तेच भाषण केलं. त्यांच्या तोंडावर. मूठसुद्धा आपटली. पोरं टाळ्या वाजवून थकली.

मग त्या उठल्या. आभार मानले, सगळ्यांचे, माझेही. शेवटी म्हणाल्या, "नानांनी सांगितलेली गोष्ट ऐकलीत. त्यात एक राहिलं. त्या वर्षी आपल्या कॉलेजात प्रदर्शन भरलंच नव्हतं, बांधकाम चालू होतं. मी हे रझ्झाकभाईंच्या दुकानात तीनदा जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही." पोरांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं, मॅडम असंच काहीतरी जुनं बोलतायत. त्या खाली बसल्या, आणि माझ्याकडं न बघता त्यांनी पेढ्याचं ताट माझ्यापुढं सरकवलं.

मी पेढा खाल्ला. तोही खाल्ला!

रझ्झाकभाई दुकानात बसतो अजून. मुलगा मोबाईल दुरुस्त करतो, हा मराठी पेपर वाचतो, मोठ्यानं, चुका काढत. म्हणून हे मराठीत लिहून छापायला दिलंय. डबी मी उघडली, शेंद्र्यात, माझ्या हातानं. डॉक्टर प्रदर्शनाबद्दल एक शब्द बोलले नव्हते. वकिलाला हवा होता तो माणूस त्याच्यासमोर बसून मूठ आपटत होता. शैलाताई खरं बोलत होत्या, रझ्झाकभाई.