एका दमात

बुइटनव्हेल्डर्ट या आमच्या डच उपनगरातल्या मैदानावर मी एकाच वेळी खेळाडूही होते आणि कोचही. खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा सोवळ्यातला प्रकार. लांबट चेंडू घेऊन पळायचं आणि कमरेची पट्टी कुणी ओढली की थांबायचं. अंगाला अंग भिडत नाही, म्हणून कोरोनाच्या उन्हाळ्यात त्याला परवानगी मिळाली. कॉलेजात कबड्डी खेळले होते, एवढ्या भांडवलावर मी त्या उंच डच मंडळींना दटावायचे आणि ती बिचारी ऐकायची.

नवराही कबड्डीतलाच. हिवाळ्यात त्याला कोरोना झाला. हॉस्पिटलमधून आल्यावर आमचा उभाच्या उभा जिना चढताना तो मध्येच पायरीवर बसायचा, आणि मी खाली उभी राहून त्याचा श्वास ऐकत राहायचे. उन्हाळ्यात आमच्या हाउसआर्ट्स, म्हणजे फॅमिली डॉक्टर बाईंनी तपासून सांगितलं, ‘आता खुशाल खेळा.’ माझं मन मानेना. प्रत्येक सामन्यात मी त्याला बाकावरच बसवलं.

शेवटच्या सामन्यात त्यानं विचारलं, “कोच म्हणून बसवतेस की बायको म्हणून?”

“कोच म्हणून. तू हळू पळतोस.”

“मग कोचनं स्वतःचा गुडघा बघावा.”

मी लंगडत होते. राग आला, पण गडी खरं बोलत होता. शेवटचा डाव उरला होता. चेंडू पलीकडच्या रेषेपार नेला की सामना आमचा. मी बाहेर आले आणि त्याला आत धाडलं.

मध्यरेषेजवळ चेंडू मिळताच तो सुटला. वाकत, हुलकावण्या देत, आणि तोंडानं चक्क ‘कबड्डी कबड्डी’. रेषेच्या अलीकडे एकच माणूस उरला होता. यानं त्याच्या खांद्याला हात लावला, गर्रकन वळला आणि गडी बाद केल्याच्या थाटात परत मध्यरेषेकडे पळत आला. समोरचे इतके चक्रावले की पट्टी ओढायचंही कुणाला सुचलं नाही. वेळ संपल्याची शिट्टी झाली. हातातला सामना गेला.

आमचा संघ माझ्याकडे बघत होता. कोचनं आता याची सालटी काढावी, अशी सगळ्यांची रास्त अपेक्षा होती. मला हसू आवरत नव्हतं आणि डोळेही पुसावे लागत होते. त्यांना कसं सांगणार? जाताना आणि येताना मी कान देऊन ऐकलं होतं. त्याचा दम कुठंच तुटला नव्हता.